हायपरस्पेक्ट्रल शिकायचंय? आधी वर्णपट पाठ करा

भूशास्त्रातून हायपरस्पेक्ट्रलकडे, म्हणजे प्रकाशाच्या शेकडो अरुंद पट्ट्यांत टिपलेल्या चित्रांवरून खनिजं ओळखण्याकडे, वळणारी मुलं बहुतेकदा पहिल्यांदा विचारतात, "सर, सॉफ्टवेअर कुठलं शिकू?" मी सांगतो, सॉफ्टवेअर महिन्याभरात येईल, आधी दहा-बारा खनिजांचे वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश परततो याचे आलेख, पाठ करा. केओलिनाइटची २२०० नॅनोमीटरजवळची जोडखाच (प्रकाश शोषला गेला की आलेखात पडते ती खाच), कॅल्साइटची २३४० च्या आसपासची, डोलोमाइटची त्याच्या किंचित अलीकडे, २३२० जवळ. यूएसजीएस या अमेरिकी भूशास्त्रीय संस्थेची वर्णपटांची लायब्ररी मोफत मिळते. आलेख कागदावर हाताने काढून बघा, लवकर डोक्यात बसतात.

सरावाला अमेरिकेतल्या नेवाडातलं क्युप्राइट हे ठिकाण घ्यावं. झाडोरा विरळ, उष्णजलीय, म्हणजे जमिनीखालच्या गरम पाण्याने, बदल झालेले खडक उघडे, आणि नासाच्या विमानावरच्या ॲव्हिरिस या उपकरणाच्या डेटावर आधीच एवढं काम झालंय की आपलं उत्तर ताडून पाहता येतं. मीही तिथूनच सुरुवात केली. पण क्युप्राइट लाड करतं! तिथे जमलं म्हणजे सगळीकडे जमेल असं नाही. आपल्याकडे राजस्थानात जहाजपूरला इस्रो-नासाच्या मोहिमेत ॲव्हिरिसच्या पुढच्या पिढीच्या ॲव्हिरिस-एनजीने डेटा घेतला, सुमारे ५ नॅनोमीटरच्या अंतराने ४२५ बँड, म्हणजे तरंगलांबीचे पट्टे. तो हाताळल्यावर हायपेरियन या उपग्रहावरच्या उपकरणाच्या ३० मीटर पिक्सेलकडे वळलात, तर शेत, रस्ता आणि खडक एकाच पिक्सेलात कोंबलेले दिसतील. कोल्हापूरकडच्या सड्यांवर बॉक्साइट शोधायचं, म्हणजे त्यातल्या गिब्साइट या खनिजाची २२७० जवळची खाच, तर पावसाळ्यानंतरची हिरवी दृश्यं बाजूला ठेवून उन्हाळ्यातली घ्या.

१४०० आणि १९०० नॅनोमीटरभोवतीचे बँड हवेतली वाफ खाते. ते सरळ काढून टाका. स्पेक्ट्रल अँगल मॅपर ही पद्धत पिक्सेलचा वर्णपट खनिजाच्या वर्णपटाशी किती जुळतो ते कोनात मोजते; तिच्यात कोनाची मर्यादा सैल केली की हवं ते खनिज हवं तिथे 'सापडतं'. रंगीत नकाशा बघून गाइड खूश होतात, परीक्षक मात्र पिक्सेलचा वर्णपट मागतात, आणि ते बरोबरच आहे.

क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार दृश्य ते लघुतरंग अवरक्त या पट्ट्यात जवळजवळ मुके असतात, त्यांना औष्णिक अवरक्त लागतं. सोनंही थेट दिसत नाही. दिसतात त्याच्याभोवतीची सेरिसाइट, क्लोराइट ही बदलातून तयार झालेली खनिजं. तेही वरच्या पापुद्र्यापुरतं. म्हणून हातोडा, नमुना, एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिज ओळखणं) यांना पर्याय नाही. आणि फील्डवर वर्णपट घेताना ढग सूर्यावरून गेला की तुलनेसाठी ठेवलेल्या पांढऱ्या पॅनेलचं वाचन पुन्हा घ्या, कितीही कंटाळा आला तरी.