व्हीएस कोडचे शॉर्टकट आपल्या हाताला बसतील असे कसे लावायचे

नोटपॅड प्लस प्लसवर हात बसलेली पोरं व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरवर आली की पहिल्यांदा कंट्रोल डी वर अडकतात. तिकडं त्यानं ओळ डुप्लिकेट व्हायची, इकडं तोच शब्द पुढं जिथं आलाय तो सिलेक्ट होतोय. कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या ऑफिसला नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, भावा पाठ करत बसू नको, बदलून टाक, पण एका वेळी एकच, जिथं हात थांबतोय तोच.

आता हाच बदल करूया. कंट्रोल के दाबा, लगेच कंट्रोल एस, सगळ्या शॉर्टकटची यादी उघडते. सर्चमध्ये कॉपी लाईन डाऊन शोधा, विंडोजवर त्याला शिफ्ट ऑल्ट आणि खालचा बाण दिलेला असतो. त्या ओळीवर डबल क्लिक करा, कंट्रोल डी दाबा आणि एंटर मारायच्या आधी जरा थांबा, कारण त्याच चौकटीत खाली लिहून येतं की ही की आधीच दुसऱ्या कमांडला दिलेली आहे. लोक हे वाचतच नाहीत आणि मग दोन दिवसांनी म्हणतात एडिटर बिघडला. शब्द सिलेक्ट करणाऱ्या त्या जुन्या कमांडलाही दुसरी की द्या, मी ऑल्ट जे देतो, जेटब्रेन्स कंपनीच्या एडिटरमध्ये विंडोजवर त्याच कामाला हीच की आहे. झालं, खटक्यावर बोट जाग्यावर पलटी!

कंट्रोल ऑल्टवाली जोडी मात्र शक्यतो टाळा. विंडोज त्याला ऑल्ट जीआर, म्हणजे जादा चिन्हं टाईप करायची उजवीकडची ऑल्ट, समजतं आणि आपल्यातल्या बऱ्याच लॅपटॉपवर इंग्लिश इंडिया कीबोर्ड लेआउट असतो, त्यात ऑल्ट जीआर आणि ४ म्हणजे रुपयाचं चिन्ह. तिथं शॉर्टकट लावला तर ते चिन्ह अडतं, आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्याला ते दिवसभर लागतं.

केलेले बदल कीबाइंडिंग्ज जेसन नावाच्या फाईलमध्ये नियम म्हणून जातात. कमांडच्या नावाआधी वजा चिन्ह दिसलं तर घाबरू नका, जुना शॉर्टकट काढलाय एवढाच त्याचा अर्थ. नियम खालून वर वाचले जातात, म्हणून एकाच कीचे दोन नियम असले आणि दोन्ही लागू होत असले तर खालचा जिंकतो. व्हेन नावाची अट तेवढी काढू नका, शॉर्टकट कुठं चालायचा ते त्यावर ठरतंय.

एवढं करूनही की चालत नसेल तर कमांड पॅलेटमधून, म्हणजे कमांड नावानं शोधायच्या पट्टीतून, टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग चालू करा आणि ती की दाबा, कुठली कमांड मधेच घुसलीय ते आउटपुटमध्ये दिसतं. आणि अजिबातच नको वाटलं तर यादीत राईट क्लिक करून रिसेट कीबाइंडिंग.