उद्यमबागेत नोकरी लागली, आता जेवायचं काय?

2004 च्या जूनमध्ये साताऱ्याहून एक पत्र्याची ट्रंक आणि आईनं दिलेली लोणच्याची बरणी घेऊन मी बेळगावात उतरलो. उद्यमबाग या इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला लागलो होतो. पाऊस असा की अनगोळच्या खोलीत तीन दिवस बनियन वाळलं नाही. तेव्हापासून इथंच आहे. दरवर्षी सांगली, चंदगड, कोकण, आणि आता लातूर-नांदेडकडूनही पोरं येतात. सहा महिन्यांत एकाचं पोट सुटतं, दुसरा ॲसिडिटीच्या गोळ्या खिशात घेऊन फिरतो. आणि दोघंही मला सांगतात, "काका, इकडचं जेवण सोसत नाही." पोरांनो, इकडचं जेवण तुम्ही जेवताच कुठं? सकाळी बेकरीतली खारी, दुपारी कँटीनचा भात, संध्याकाळी मिरची भजी आणि रात्री चायनीजची गाडी, हे खाऊन बेळगावला नावं ठेवायची नाहीत.

खोली घेताना ओटा आहे का आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं, एवढं आधी विचारा. पाणी राकसकोप आणि हिडकल धरणांचं आहे, चांगलं आहे, पण चार-चार दिवस पिंपात साठतं. पावसाळ्यात उकळून प्या.

आता खानावळ. इथल्या लिंगायत खानावळीत मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा ताटात ज्वारीची पातळ भाकरी, भरली वांगी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि कडेला कच्च्या मेथीची अख्खी जुडी सोडवून ठेवलेली. सोबत कांदा, काकडी, मुळ्याचा पाला. मला वाटलं मेथी शोभेला आहे, आपल्याकडं लग्नात कोथिंबीर पसरतात तशी. बाजूला सारली. मालक गल्ल्यावरनं उठून आले. म्हणाले, "ते सोडायचं नसतंय की हो. पैसे त्याचेच घेतोय मी." मग त्यांनीच दाखवलं: भाकरीचा तुकडा, त्यावर चटणी, चटणीवर दह्याचा ठिपका आणि घासागणिक मेथीची दोन पानं. कडू लागली. चौथ्या दिवशी मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या. त्यात दिवसाचं ताट मांडलंय, 2000 कॅलरीचं: भाज्या 400 ग्रॅम, धान्य 250 ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस 85 ग्रॅम, शेंगदाणे-तीळ वगैरे 35 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध-दही 300 मिली आणि तेल 27 ग्रॅम. भट्टीवर आठ तास उभं राहणाऱ्याला धान्य याहून जास्त लागेल, ते सोडा. पण नीट बघा, धान्यापेक्षा भाजी जास्त. ते वाचलं आणि मला गल्ल्यावरनं उठून आलेले मालक आठवले. आपण नेमकं उलटं करतो. भाताचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी चमचाभर भाजी.

कच्चा पाला पावसाळ्यात मात्र जपून. शेतातली माती, नाल्याचं पाणी, सगळं त्याला चिकटून येतं. घरी आणलात तर दोन-तीन पाण्यांतून खळबळून धुवा. खानावळीत धुतलेला दिसला नाही तर सरळ कांदा-काकडीवर भागवा.

भाकरीबद्दल एक गोष्ट मला पटत नाही. गावाकडून आलेली पोरं इथं आली की चपातीवर जातात, कारण भाकरी म्हणजे गावंढळ. पुण्याहून आलेले इंजिनिअर तर वेगळेच. त्यांच्या खोलीत प्रोटीन पावडरचा डबा आणि ओट्सची पिशवी असते, आणि खाली गल्लीत एखादी मावशी चुलीवर ज्वारीची भाकरी थापत असते. ज्वारीत पॉलिश केलेल्या तांदळाच्या तिपटीहून जास्त चोथा असतो. पोट भरलेलं राहतं, सकाळी त्रास होत नाही. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे मूठभर शेंगदाणे साधारण एका अंड्याच्या बरोबरीचे. तेलही भरपूर असतं, म्हणून मूठ ती मूठच, पाटी नव्हे. कारळाची आणि जवसाची चटणी इथं घरोघर असते. कानडीत गुरेळ आणि अगसी म्हणतात. जवसात ओमेगा-3 असतं, ज्यासाठी शहरातले लोक कॅप्सूल गिळतात.

एकट्या माणसासाठी कडक भाकरी हा सगळ्यात मोठा आधार. पापडासारखी पातळ, पाण्याचा अंश काढलेली, कोरड्या डब्यात कितीतरी दिवस टिकते. किराणा दुकानात पुडके मिळतात, शहापूर-वडगावकडं घरी करणाऱ्या बायकाही आहेत. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला खोलीवर आलात, सगळं बंद, तेव्हा चायनीजच्या गाडीकडं पाय वळतात. त्याऐवजी दोन कडक भाकऱ्या, दही, चटणी, चिरलेला कांदा. पाच मिनिटांचं काम, गॅसही पेटवावा लागत नाही.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते. चहा.

2012 साली माझ्या पायावर तापलेल्या धातूची ठिणगी पडली. नखाएवढा भाजलेला डाग. आठवड्यात भरायला हवा होता, महिना झाला तरी चिघळतच होता. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. उपाशीपोटी साखर 212. वय 34. घराण्यात कुणाला मधुमेह नाही. डॉक्टर म्हणाले, गोड काय खाता? मी म्हणालो, काही नाही, सणासुदीला. "चहा किती?" मी म्हणालो, चार-पाच.

दुसऱ्या आठवड्यात कामावर गेलो तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून मशीनच्या बाजूच्या पत्र्यावर खडूनं रेघा मारायला लागलो, एका कपाला एक रेघ. पहिल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत नऊ. मी दोनदा मोजल्या. शिफ्टआधीचा एक, कंपनीचे दोन, माल घ्यायला आलेल्या माणसाबरोबर एक, वजनकाट्यावर एक, कुणाचा तरी वाढदिवस... प्रत्येक कपात दीड-दोन चमचे साखर. दिवसाला सत्तर ग्रॅमच्या वर, महिन्याला दोन किलो. मी महिन्याला दोन किलो साखर पीत होतो आणि डॉक्टरांना सांगत होतो की गोड खात नाही! जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. म्हणजे सहा चमचे. ते माझे सकाळी दहालाच संपायचे. एकट्या चहानं मधुमेह झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. वजन वाढलेलं, रात्रपाळी, झोपेचे वांधे, सगळं होतं. पण त्यातलं एकच उद्यापासून बदलता येण्यासारखं होतं, आणि ते मी आठ वर्षं बदललं नव्हतं.

जखम भरायला अडीच महिने गेले. चाळीस दिवस बिनपगारी. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, सोडवायला दोन वर्षं लागली. म्हणून जो नवीन भेटतो त्याच्या मागं मी चहावरून लागतो. लोक हसतात. हसू देत.

हा जिल्हा उसाचा आहे. साखर कारखाने गावोगाव, त्यामुळं गोडाचा हात सैल. आणि "गुळाचा चहा" अशी पाटी दिसली की आपली माणसं दोन कप जास्त पितात, जणू काढा आहे. गूळ चवीला चांगला, मलाही आवडतो. पण रक्तातली साखर वाढवायला गूळ आणि साखर सख्खे भाऊ. कॅलरीतही फारसा फरक नाही. मधुमेहाला गूळ चालतो असं तुम्हाला कुणी छातीठोक सांगितलं, मग तो तुमचा मामा का असेना, ऐकू नका. आणि ज्वारीची भाकरी चांगली म्हणून एका बैठकीत पाच हाणल्या तर तीही साखर वाढवते, हेही माझ्याच मीटरवर बघितलंय.

चहाचं आणखी एक. जेवल्या जेवल्या चहा नको. मेथी, अंबाडीतलं लोह अंगी लागायला चहा आड येतो. तासभर जाऊ द्या, आणि भाजीवर लिंबू पिळा, त्यानं उलट मदत होते. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींना हे विशेष सांगतो. रक्त कमी म्हणून गोळ्या चालू आणि ताटाशेजारी चहाचा कप, असं मी पाहिलंय. अंबाडीची भाजी इथं पुंडी पल्ल्या म्हणून मिळते, ज्वारीच्या कण्या घातलेली. आंबट असते, पहिल्या घासाला तोंड वाकडं कराल.

मिठाबद्दल. संकेश्वरी मिरची याच जिल्ह्यातली, ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी झणक्याला. लाल मिरचीचा रंजका ताटात आला की कोल्हापूरकरांना ऊत येतो, आम्ही तिखटात कमी नाही हे दाखवायचं असतं. तिखटाचं सोडा हो, त्यातलं मीठ बघा. रंजका, लोणचं, पापड, वर ताकात मीठ. दिवसाचं सगळं मिळून एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत असावं असं सांगतात. भट्टीवर घाम गाळणाऱ्यानं ताक-मीठ घ्यावं, पण एसीत बसणाऱ्या सुपरवायझरनं त्याची नक्कल करू नये.

बेकऱ्या इथं पावलापावलाला आहेत आणि वास लांबवर येतो, मला मान्य आहे. खारी-टोस्ट आठवड्यातून एकदा ठीक, रोजचा नाश्ता नव्हे. मैदा आणि वनस्पती. पुड्यावर "मल्टिग्रेन", "डायजेस्टिव्ह" काहीही लिहिलेलं असो, मागं उलटवून घटकांची यादी बघा. जो जिन्नस वजनानं जास्त तो आधी लिहायचा असा नियम आहे. पहिलं नाव मैदा आणि दुसरं-तिसरं साखर असेल तर ते बिस्कीटच आहे, पचनाबिचनाशी त्याचा काही संबंध नाही. नाश्त्याला उडप्याकडं इडली-सांबार घ्या, वडा सोडा. उप्पीटही चालेल. हात आखडता असेल तर सरकारचं स्वस्तातलं इंदिरा कँटीन आहे, लाजू नका, मी स्वतः जेवलोय.

दुधाला नंदिनीचं निळं पाकीट घ्या, ते टोन्ड, सायीचा भार कमी. मासे गोवा-कारवारकडून घाट चढून येतात. कोकणच्या पोरांनी उसासे टाकत बसू नये, बांगडा आणा आणि तळण्याऐवजी तिरफळ घालून तिकलं करा.

रताळी! हे राहून जात होतं. बेळगावच्या पश्चिम पट्ट्यात रताळी ढिगानं पिकतात, नवरात्राच्या सुमाराला मार्केट यार्डात गाड्याच्या गाड्या लागतात, माल उत्तरेकडं जातो. आणि आपली माणसं उपासाला काय करतात? साबुदाण्याची खिचडी, तुपात थबथबलेली, वर वेफर्स. साबुदाण्यात निव्वळ पिष्ट, म्हणजे स्टार्च. रताळं सालीसकट उकडा, दह्याबरोबर खा. घरमालकीणबाईंनी मला पहिल्या एकादशीला खिचडी करताना पाहून विचारलं होतं, "खुळ्या, दारात रताळी असून हे काय खाऊलायस?" बेळगावी मराठी पहिल्यांदाच कानावर पडत होती. "खाऊलायस" ऐकून मी हसलो, आणि बाईंना वाटलं मी रताळ्याला हसतोय. आठवडाभर बोलल्या नाहीत.

कुंदा, ही इथली दुधाची मिठाई, गावी नेताना पाव किलो पुरतो. किलोचा बॉक्स घेतलात तर निम्मा बसमध्येच संपतो आणि तो तुम्हीच संपवलेला असतो.

भाषेच्या भांडणात नव्या माणसानं पडू नये. बाजारात मराठीवर सगळं निभतं. पण खानावळीत वाढणारी पोरं बरीचशी गोकाक-बैलहोंगलकडची असतात, त्यांच्याशी चार शब्द कानडी बोललात तर ताट सुधारतं. पल्ल्या म्हणजे भाजी, ती आणखी मागा. काळ पल्ल्या म्हणजे उसळ, ब्याळी म्हणजे डाळ, मज्जिगी म्हणजे ताक. तेल जास्त वाटलं तर "एण्णी कडिमी." आणि चहाच्या टपरीवर पाठ करून जायचं वाक्य: "सक्री कडिमी हाक्री", साखर कमी घाला. माझ्यासारख्यांनी "सक्री ब्याड्री", साखर नकोच. बेकु म्हणजे हवं, ब्याड म्हणजे नको, यात घोटाळा करू नका. गेल्या महिन्यात आमच्याकडं नवीन लागलेल्या नांदेडच्या पोरानं ऐटीत "सक्री बेकु" म्हटलं. टपरीवाल्यानं खुश होऊन चमचा उभा राहील एवढी घातली. पोरगं माझ्याकडं बघत, मुकाट्यानं, पूर्ण कप प्यालं.