फॅक्स मशीनच्या मेनूतले शब्द, एकदाचे समजून घ्या

फॅक्स मशीनच्या मेनूत शिरलं की ईसीएम, पोलिंग, सुपर जी३ असली नावं दिसतात आणि आपण गपचूप स्टॉप दाबून बाहेर येतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मा मेनू आपोआप कळतो. फॅक्स म्हणजे साधा फोन कॉलच, फक्त दोन्ही टोकांना माणसांऐवजी मशीनं बोलतायत.

नंबर लागला की पाठवणारं मशीन दर तीन-साडेतीन सेकंदांनी अर्ध्या सेकंदाची एक शिट्टी मारतं, तिला सीएनजी टोन म्हणतात (गाडीतला सीएनजी नाही!) आणि ती ११०० हर्ट्झची असते. समोरचं मशीन २१०० हर्ट्झच्या लांबलचक सुराने ओ देतं आणि मग जो खरखराट ऐकू येतो तो हँडशेक, म्हणजे तुला किती वेग जमतो, कुठलं कॉम्प्रेशन येतं, ईसीएम आहे का, अशी बोलणी चालू असतात. आपलं मशीन कितीही भारी असू दे, समोरचं जुनं असेल तर वेग त्या जुन्याचाच राहणार, त्याला इलाज नाही.

जी३ म्हणजे ग्रुप ३, हे स्टँडर्ड १९८० चं आणि आजही तेच चालतं. साध्या जी३ चा वेग सेकंदाला जास्तीत जास्त १४,४०० बिट्स, सुपर जी३ चा ३३,६०० पर्यंत. माहितीपत्रकात "३ सेकंदांत एक पान" लिहिलेलं असतं ना, ते कमी मजकुराच्या टेस्ट पानासाठी, दोन्हीकडे सुपर जी३ आणि लाइन एकदम स्वच्छ असेल तर. रोजच्या कामात ती अपेक्षा ठेवू नका.

आता रिझोल्यूशन. ए४ पानाच्या रुंदीत साधारण १७२८ ठिपके असतात आणि स्टँडर्ड, फाइन, सुपरफाइन यांत मुख्य फरक उभ्या दिशेला पडतो. स्टँडर्डमध्ये एका मिलिमीटरला ३.८५ ओळी, फाइनमध्ये ७.७, सुपरफाइनमध्ये १५.४. बारीक अक्षरं, शिक्के किंवा सह्या असतील तर फाइन ठेवा, एरवी स्टँडर्ड पुरतं. फोटो मोड मात्र खरंच फोटो असेल तरच लावा, कारण फॅक्स "इतके ठिपके पांढरे, मग इतके काळे" असं मोजून पाठवतं, त्यामुळे कोरी ओळ एका झटक्यात जाते पण फोटोत काळे-पांढरे ठिपके विखुरलेले असल्यामुळे हे मोजणं काही कामाचं राहत नाही आणि पान रेंगाळत जातं. रंगीत किंवा गडद पार्श्वभूमीच्या कागदाचंही तेच.

ईसीएम म्हणजे चुका दुरुस्त करायची सोय. पान छोट्या छोट्या तुकड्यांत जातं, खराब पोचलेले तुकडे समोरचं मशीन परत मागतं. चालूच राहू द्या. बंद केलंत तर सुपर जी३ चा वेगही जातो, कारण त्याला ईसीएम लागतंच. लाइन फारच वाईट असेल आणि कॉल सारखा तुटत असेल तर आधी वेग ९,६०० वर आणून बघा, काही मशीनवर हीच सेटिंग ओव्हरसीज मोड नावाने असते. इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन लाइनवर ही कटकट जास्त होते, तिथे सेवा देणाऱ्याला टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची पद्धत) आहे का विचारा.

रिसीव्ह मोडमध्ये लोक हमखास गोंधळतात. लाइन फक्त फॅक्सची असेल तर ऑटो. फोन आणि फॅक्स एकाच लाइनवर असतील तर फॅक्स/टेल, यात मशीन कॉल उचलतं, ती सीएनजी शिट्टी ऐकू आली तर फॅक्स घेतं, नाहीतर तुम्हाला बोलवायला वाजत राहतं. मॅन्युअलमध्ये उचलायचं तुम्हीच आणि स्टार्टही तुम्हीच दाबायचं. टॅड म्हणजे आन्सरिंग मशीन जोडलेलं असेल तर.

ब्रॉडकास्ट म्हणजे एकच कागद अनेक नंबरांना, डिलेड सेंड म्हणजे ठरलेल्या वेळेला. पोलिंग उलटं असतं, समोरच्याने कागद तयार ठेवायचा आणि आपण फोन करून तो ओढून घ्यायचा, म्हणजे कॉल आपला आणि फॅक्सही आपल्यालाच. आता फारसं कोणी वापरत नाही, चुकून चालू झालं तर मात्र "कागद जातच का नाही" म्हणून डोकं फिरतं.

रिपोर्टवर "ओके" आलं म्हणजे समोरच्या मशीनने पानं घेतली, बस एवढंच. ती छापली गेली का, कोणी वाचली का, ते त्यात कळत नाही, तिकडे कागद संपला असेल तर मेमरीत पडून असतील. मी एकदा कागद पालथे ठेवून सगळी कोरी पानं पाठवलीयत आणि रिपोर्ट ओके! म्हणून फीडरवरचं छापील बाजू वर की खाली दाखवणारं चिन्ह बघा, आणि रिपोर्टमध्ये पहिल्या पानाचं चित्र छापायची सोय असेल तर ती चालू करा.

थर्मल पेपरवर आलेला फॅक्स काही काळाने पुसट होतो, महत्त्वाचा असेल तर लगेच झेरॉक्स काढा. फिल्म रोलवाल्या मशीनमध्ये वापरलेल्या फिल्मवर पानांची छाप तशीच राहते, सरळ कचऱ्यात टाकू नका, फाडून टाका.

आणि पानावर उभी काळी रेघ येत असेल तर आधी त्याच मशीनवर फीडरमधून एक कॉपी काढा. कॉपीतही रेघ आली तर दोष आपल्याकडेच, बहुतेक फीडरजवळच्या काचेच्या अरुंद पट्टीवर शाई किंवा व्हाइटनरचा ठिपका वाळलेला असतो, ती पुसा. कॉपी स्वच्छ आली आणि रेघ फक्त आलेल्या फॅक्सवर असेल तर पाठवणाऱ्याला सांगा, त्याची काच घाण आहे.