दुखत नाही म्हणणाऱ्यांचे दात

मी आर्मी डेंटल कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या दंतवैद्यक विभागात, चालले आहे हे कळल्यावर सांगलीचा मामा म्हणाला, "सैन्यात दातांचं काय काम? तिथं दात विचकायला तरी वेळ असतो का कुणाला?" पाच वर्षं ते काम करून मी परत आले. आता दोन खुर्च्यांचं स्वतःचं क्लिनिक आहे, आणि मामाचाच प्रश्न इंटर्नशिप करणारी पोरं जरा आदबीने विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात, बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) होत नाही. त्यामुळे 'फौजी डेंटिस्ट व्हायचंय' म्हणून बारावीपासून तिकडे डोळे लावून बसू नका. बीडीएस कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून करा, इंटर्नशिप पुरी करा, राज्याच्या डेंटल कौन्सिलचं कायमचं रजिस्ट्रेशन काढा आणि मग शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा (ठराविक वर्षांपुरती अधिकारी म्हणून नेमणूक) अर्ज भरा. शेवटच्या वर्षाला किमान ५५ टक्के लागतात, वय ४५च्या आत लागतं आणि त्या वर्षीच्या नीट एमडीएसचे (एमडीएस या पुढच्या पदवीची प्रवेश परीक्षा) गुण लागतात. एमडीएसला नंबर लागला नाही की पोरं ती मार्कशीट कपाटात टाकून देतात. तीच इथे कामाला येते. जागा मात्र थोड्या असतात, वर्षाला साधारण तीस. जाहिरात कधी येते त्यावर लक्ष ठेवावं लागतं, कारण अर्जाची मुदत फार मोठी नसते.

एनडीएवाल्यांसारखी पाच दिवसांची एसएसबी (निवड मंडळाच्या चाचण्या) आपल्याला नाही. दिल्ली छावणीतल्या आर्मी हॉस्पिटलमध्ये मुलाखत होते, पुढे मेडिकल. मेडिकलमध्ये लोक मोठ्या आजारापेक्षा वजन आणि कानातला मळ यांवर जास्त अडकतात. निघण्याआधी एकदा ईएनटीवाल्याकडे जाऊन या, हसू नका.

मुलाखतीत मला विचारलं होतं, "खालची अक्कलदाढ किडलेली आहे. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी टणक सूज, जीभ वर ढकलली गेलीय. हॉस्पिटल आठ तास लांब. काय करशील?" मी लुडविग्ज अँजायनाची (दातातून हनुवटीखाली पसरणारा जंतुसंसर्ग) व्याख्या म्हणायला लागले. समोरचे अधिकारी शांतपणे म्हणाले, "नाव आम्हालाही माहीत आहे." मग डोकं ताळ्यावर आलं. श्वास बंद पडणार, हा खरा धोका. पेशंटला आडवं करायचं नाही, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं, सूज उघडून ताण मोकळा करायचा आणि त्याच वेळी त्याला खाली हलवण्यासाठी निरोप धाडायचा. पुढची पाच वर्षं मी काय करणार होते ते त्या एका प्रश्नात आलं होतं. फक्त तेव्हा मला ते कळलं नाही.

निवड झाल्यावर थेट कॅप्टन म्हणून रुजू होता, खांद्यावर तीन तारे. लखनौला एएमसी (आर्मी मेडिकल कोअर) सेंटर अँड कॉलेजमध्ये सुरुवातीचं प्रशिक्षण होतं. पहाटेची पीटी, ड्रिल, नकाशावाचन, फायरिंग, शिवाय कुणाला कसं संबोधायचं, मेसमध्ये कसं वागायचं. ड्रिलचे उस्ताद माझ्याकडे बघून रोज कपाळाला हात लावत, कारण डावा पाय निघाला की डावाच हात पुढे जायचा. त्याबद्दल एवढंच पुरे.

खरं शिक्षण डेंटल सेंटरवर होतं, आणि ते बऱ्याचदा हवालदार देतो. खुर्चीशेजारी उभा राहणारा सहायक, ज्याला तिथे डोरा म्हणतात (डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंट), त्याची पंधरा वर्षं नोकरी झालेली असते आणि तुमचे पंधरा दिवस. हुद्दा तुमचा मोठा, हात त्याचा बसलेला. आमच्या सुभेदारांना मी 'साहेब' म्हणायचे. तशी रीतच आहे, जेसीओला, म्हणजे सुभेदारासारख्या हुद्द्याला, अधिकारीही साहेबच म्हणतात. हे साहेब पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "मॅडम, जवान को मत पूछना दर्द है क्या. ठंडा पानी पिला के देखना."

त्यांचं खरं होतं. बाहेर आपल्याकडे पेशंट येतो तो दुखलं म्हणून. इथे बरेचसे येतात ते युनिटने तपासणीला धाडलं म्हणून. नावनिशी यादी असते, वर्षातून एकदा प्रत्येकाचं तोंड बघायचंच. आणि जवान 'दुखतं' म्हणत नाही. कधी सुट्टी हुकेल म्हणून, कधी कोर्सला जायचं असतं म्हणून, कधी सोबतचे हसतील म्हणून.

बिल नसलं की डेंटिस्टचं डोकं वेगळं चालायला लागतं, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. क्लिनिकमध्ये आपण दातासोबत समोरच्याचा खिसाही बघतो, खोटं कशाला बोला. तिथे खिशाच्या जागी कॅलेंडर येतं. समजा खोल किडलेली, अजून न दुखणारी दाढ आहे. सांगलीत मी म्हणेन, फिलिंग करू, दुखलं तर या. पण हा माणूस आठवड्याने वर बर्फातल्या चौकीवर चाललाय आणि सहा महिने तिथेच राहणार. 'दुखलं तर या' याला तिथे काही अर्थच नाही. बर्फात रस्ता बंद असताना एका दाढेसाठी हेलिकॉप्टर उडवायचं म्हणजे पायलटचाही जीव पणाला लावायचा. मग रूट कॅनाल एकाच बैठकीत करायचं का? काढूनच टाकायची का? काढली तर वर जाण्याआधी जखम भरेल का? वाचवता येण्यासारखी दाढ मी काढून टाकलीय, आणि ते बरोबर होतं असं आजही वाटतं. तरी ती दाढ लक्षात राहिलीय.

हवाई दलाच्या तळावरही हेच, फक्त कारण वेगळं. डेंटल कोअरचे अधिकारी नौदलात आणि हवाई दलातही नेमले जातात. उंची वाढली की बाहेरचा दाब कमी होतो आणि फिलिंगखाली अडकलेली हवा फुगते. जमिनीवर गप्प असलेला दात आकाशात ठणकायला लागतो, तेही विमान चालवणाऱ्याचा.

माझी एक पोस्टिंग लेहला होती. साडेअकरा हजार फूट. पहिले सहा दिवस शरीराला तिथल्या हवेची सवय होऊ द्यायची. त्यातले पहिले दोन तर नुसते पडून राहायचे, डॉक्टर असलात तरी. तिथल्या हिवाळ्यात काही गोष्टी नव्याने शिकले. भुलीची कार्ट्रिजं अंगातल्या आतल्या खिशात ठेवायची, नाहीतर गार औषध टोचताना माणूस सुईपेक्षा त्यानेच कळवळतो. अल्जिनेट (दातांचं माप घ्यायची पूड) थंड पाण्यात कालवलं की सेट व्हायचं नाव घेत नाही, तोवर समोरचा ओकारी दाबून बसलेला. म्हणून थर्मास हे तिथे डेंटल उपकरण समजायचं.

एक दिवस मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान आला. गाल टेनिसच्या चेंडूएवढा. नेमप्लेट वाचून म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्याकडच्याच का?" सातारा जिल्ह्यातला होता. दाढेच्या खड्ड्यात मिश्री भरून त्याने तीन आठवडे काढले होते. आई तेच करायची म्हणे. मी भूल देऊन पू मोकळा केला, दाढ काढली. उठताना 'मॅडम' विसरून म्हणाला, "ताई, थंड पाणी आता प्यायलं तर चालंल ना?" मिश्री, खैनी, गुटखा याबद्दल तिथे जेवढं बोलले तेवढं जन्मात कशाबद्दल बोलले नसेन. त्यातलं कितपत कुणी मनावर घेतलं, माहीत नाही.

आणखी एक. चार्ट भरायचा कंटाळा करू नका. कुठला दात नाही, कुठे चांदी, कुठे कॅप, सगळं नीट लिहा. चेहरा ओळखता येत नाही अशी वेळ आली तर ओळख दातांवरून पटवतात. माझ्या सीनियरने हे एकदाच सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं नाही.

आता पैसे, कारण सगळे शेवटी तेच विचारतात. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कॅप्टनचं मूळ वेतन ६१,३०० पासून सुरू होतं, त्यावर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, आणि मूळ वेतनाच्या २० टक्के नॉन प्रॅक्टिसिंग अलाउन्स, कारण संध्याकाळी बाहेर क्लिनिक थाटता येत नाही. महागाई भत्ता वेगळा. वर्षाला ६० दिवसांची रजा. नव्या बीडीएसला बाहेर कुणी सहायक म्हणून काय देतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कमिशन पाच वर्षांचं असतं, वाढवत चौदापर्यंत नेता येतं. पर्मनंट कमिशनची वाटही आहे, पण तिथे वयाची अट आडवी येते. पक्कं राहायचं असेल तर उशिरा जाऊ नका.

मुलींना सांगायचं तर माझ्या वेळी महिलांच्या जागा वेगळ्या आणि बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. २०२२ साली ३० पैकी २७ पुरुषांसाठी आणि फक्त ३ महिलांसाठी होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०२३ मध्ये न्यायालयाने सरकारला फटकारलं आणि ती वाटणी गेली. आता यादी एकच. माझ्यापेक्षा जास्त गुण असून घरी बसलेल्या दोन मैत्रिणी मला आठवतात.

मी बाहेर का पडले? आईचं वय झालं आणि बदल्यांचा कंटाळा आला. यात मोठी गोष्ट काही नाही. पाच वर्षांत चार घरं झाली, त्यातलं एकही नीट लावलं नाही.

जायचं ठरवलंच असेल तर इंटर्नशिपमध्ये ओरल सर्जरीत जास्त वेळ काढा. अक्कलदाढा भरपूर काढा, मोडलेलं मूळ घाम न फुटता काढता आलं पाहिजे. आणि कंप्रेसर, हँडपीस दुरुस्त करायला शिका. लांबच्या ठिकाणी खुर्ची बंद पडली की कंपनीचा माणूस येत नाही. कॉलेजात हे येणारा एक तंत्रज्ञ असतोच. आमच्याकडे तो तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत बसायचा. पाच वर्षं त्या जिन्यावरून मी रोज चढले-उतरले आणि त्याचं नाव कधी विचारलं नाही.