गोचीड तापाची रक्ततपासणी: गोठ्यातली तयारी

डॉक्टरांना बोलवायच्या आधी जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा अंकी नंबर वहीत उतरवून घ्या. नंबरासमोर वय, वेत आणि पहाटे मोजलेला ताप लिहा. नागपूरच्या उन्हात दुपारी मोजाल तर आकडा फसवतो. १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास ठीक, १०४ च्या वर गेलं तर त्याच दिवशी फोन करा.

मग अंग चाचपा आणि रक्तातल्या परोपजीवींमुळे (रक्तात राहून जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे) होणाऱ्या तीन रोगांच्या खुणा बघा. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी लागली तर थायलेरिया, लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर बाबेसिया, जनावर जागच्या जागी गोल फिरत असेल तर सर्रा. हा झाला नुसता संशय, निदान रक्तावरच होतं. सर्रा चावऱ्या माशा पसरवतात, बाकी दोन्ही गोचिडांमुळे होतात. म्हणून कानाच्या आत, कासेवर, शेपटीखाली बोटं फिरवा.

नमुन्यांच्या यादीत धडधाकट दिसणाऱ्या गाईही घालाच. मागच्या पावसाळ्यात आमची जर्सी कालवड गेली, तेव्हा आम्ही फक्त आजारी जनावरंच तपासली होती. एकदा बरी झालेली गाय परोपजीवी रक्तात बाळगून राहते आणि गोचीड तिच्याकडून तो दुसरीकडे नेते. इतके थोडे परोपजीवी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर बरेचदा सापडत नाहीत, पीसीआरमध्ये (परोपजीवीचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत) सापडतात. म्हणून ‘आमच्या भागात हा रोग किती?’ याचं उत्तर तपासणीगणिक बदलतं. संकरित जनावरं लवकर कोलमडतात, गवळाऊ ही विदर्भातली देशी जात त्या मानाने तगते.

औषधाचं इंजेक्शन देण्याआधीच रक्त काढून घ्यायचं, याची डॉक्टरांना आठवण करून द्या. कानाच्या कडेचे केस कातरून जागा स्पिरिटने पुसून वाळू द्या. सुईने टोचल्यावर येणारा थेंब काचपट्टीवर पातळ ओढतात. ती वाळेस्तोवर झाकून धरा, माशा रक्ताचा थर चाटून नेतात. बाकी रक्त जांभळ्या झाकणाच्या बाटलीत घेतात, तिच्यात रक्त गोठू न देणारं औषध असतं. ती बाटली हळूच आठ-दहा वेळा उलटसुलट करा, झटकू नका. ती कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवा, बर्फाला थेट टेकवू नका. मे महिन्यात हिंगण्याहून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दुचाकीच्या डिक्कीत नेलेलं रक्त वाटेतच नासतं. तिथे नमुने कोणत्या वेळेत घेतात ते आदल्या दिवशीच विचारा.

शेवटी गोठ्याच्या भिंतींच्या भेगा सिमेंटने बुजवा, कारण गोचिडीची मादी तिथेच हजारो अंडी घालते. हे काम पोळ्यापर्यंत ढकलू नका, मृगाच्या आधी उरका.