कबड्डी मंडळात दुखापतींची वही कशी ठेवायची

आमच्या परळच्या मंडळात मागे फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी आलेली, तिला प्रोजेक्टसाठी पोरांच्या दुखापतींची माहिती हवी होती आणि आमच्याकडे काय, तर हजेरीच्या वहीत कोपऱ्यात लिहिलेलं 'पाय मुरगळला, आला नाही'. कुठला पाय? घोटा की गुडघा? चढाईत की पकडीत? कोणालाच आठवेना, ज्याचा पाय होता त्यालापण नाही. तेव्हापासून वेगळी वही ठेवतोय. साधी दोनशे पानी बास होते, अ‍ॅपबिप काय लागत नाही.

आधी दुखापत म्हणायचं कशाला ते सीझन सुरू व्हायच्या आत ठरवून टाका. खरचटणं, मुका मार हे आपल्याकडे रोजचंच, ते सगळं लिहायला गेलात तर आठवड्यात कंटाळाल. आम्ही धरतो ते असं की लागल्यामुळे पुढची एक जरी प्रॅक्टिस किंवा मॅच बुडली तर वहीत नोंद. लागलं तो दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, पोरगा पूर्ण प्रॅक्टिसला उतरेपर्यंत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2020 मध्ये याच्या शिफारशी काढल्यात, त्यात 1 ते 7 दिवस, 8 ते 28 आणि त्याच्या वर असे गट आहेत, तेच घ्या, उद्या दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी ताडून बघता येतं.

एका दुखापतीला एक ओळ. तारीख, मॅच की प्रॅक्टिस, मॅट की माती, कुठला अवयव आणि डावा की उजवा, चढाई की पकड, कोणी अंगावर पडलं की आपणच वळताना गेला, पहिल्यांदा की जुनंच दुखणं. त्याच रात्री लिहा, रविवारी लिहू म्हटलं की गेलं.

आता ज्यात सगळे चुकतात ते. दुखापतींसोबत खेळलेले तासपण लिहायचे, ज्यांना काहीच झालं नाही त्यांचेसुद्धा. प्रॅक्टिसला 15 पोरं 2 तास म्हणजे 30 तास, पुरुषांची 40 मिनिटांची मॅच म्हणजे एका संघाचे 7 गुणिले 40, साधारण पावणेपाच तास (आउट होऊन बसलेला वेळ वजा करत बसू नका, डोकं फिरेल). समजा मॅटवर 12 दुखापती आणि मातीवर 6, लगेच कट्ट्यावर ठरतं की मॅट वाईट. पण मॅटवर 900 तास खेळलात आणि मातीवर 300, तर हजार तासांमागे मॅटवर 13 आणि मातीवर 20! वाद उलटाच झाला ना. अर्थात एवढ्याशा आकड्यांवर मैदान बदलायला निघू नका, दोन-तीन सीझन जाऊदे, आजूबाजूच्या मंडळांनापण वही धरायला लावा.

वॉर्मअप बदलला, घोट्याचे व्यायाम सुरू केले तर ती तारीखपण टाका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार कसं.

नावाऐवजी नंबर लिहा, नंबर कोणाचा ते वेगळ्या कागदावर, आणि वहीचा फोटो ग्रुपवर टाकू नका. कोणाला संशोधनासाठी माहिती द्यायची तर खेळाडूला विचारून, अठराच्या आतला असेल तर घरच्यांनापण विचारून.

आणि वही कोचकडे ठेवू नका. आमची पहिल्या वर्षी होती, सिलेक्शनच्या महिन्यात एकपण दुखापत नाही, आम्ही खूश! नंतर कळलं अर्धी पोरं क्रेप बँडेजवर मोजा चढवून खेळत होती. आता वही स्कोअर लिहिणाऱ्या काकांच्या पिशवीत असते, टीम निवडताना तिथे काका नसतात.