एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदललं तरी प्रोग्राम जुनंच वाचतोय? या चुका टाळा

परवा रात्री माझा पाऊण तास असा गेला की टर्मिनलमध्ये एक्सपोर्ट मारून डेटाबेसचा पासवर्ड बदलला, एको करून बघितलं तर नवीन दिसतोय, आणि पायथनचा सर्व्हर मात्र जुन्याच पासवर्डने जाऊन आपटतोय. सर्व्हर शेजारच्या टॅबमध्ये सकाळपासून चालू होता, बस एवढंच कारण.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेली नाव आणि व्हॅल्यूची जोडी, आणि अशा सगळ्या जोड्या मिळून एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सकाळी घरून भरून दिलेला डबा समजा. प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) सुरू होताना तिला आईबापाकडून, म्हणजे टर्मिनलमधल्या ज्या शेलने (तुमच्या कमांड चालवणाऱ्या बॅशसारख्या प्रोग्रामने) तिला सुरू केलं त्याच्याकडून, सगळ्या व्हेरिएबलची कॉपी मिळते, त्यानंतर घरी पुरणपोळी केली तरी तुमच्या डब्यात ती येत नाही. सर्व्हर रिस्टार्ट करा. आणि उलटंही तसंच, तुम्ही डब्यात लोणचं घातलं म्हणून घरच्या बरणीत काही वाढत नाही, त्यामुळे पायथनमध्ये ओएस डॉट एन्व्हायरनमध्ये काही लिहिलं तर ते त्या प्रोग्रामला आणि त्याने पुढे सुरू केलेल्या प्रोसेसनाच दिसतं, प्रोग्राम संपल्यावर टर्मिनलमध्ये शोधत बसू नका. एक्सपोर्टच्या ओळी स्क्रिप्टमध्ये टाकून ती नुसती रन केली तरी हेच होतं, तिथे सोर्स करावं लागतं, म्हणजे स्क्रिप्ट चालू शेलमध्येच चालवावी लागते. आणि एक्सपोर्ट न लिहिता नुसतं नाव आणि व्हॅल्यू दिली तर ते शेलपुरतंच राहतं, डब्यात भरलंच जात नाही.

बॅशमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूला स्पेस देऊ नका, नाहीतर ते व्हेरिएबलच्या नावालाच कमांड समजतं आणि 'कमांड नॉट फाउंड' म्हणतं.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. एन्व्हायर्नमेंटमधली प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंगच असते, प्रत्येक. डीबगला फॉल्स दिलं, कोडमध्ये बूल करून तपासलं, आणि डीबग चालूच, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग पायथनला ट्रूच वाटते, मग तिच्यात फॉल्स लिहिलेलं का असेना. त्यामुळे स्ट्रिंग लोअर करून ट्रू, १, यस असल्या व्हॅल्यूंशी स्वतः तुलना करा. पोर्टला इंट लावा. लिहितानाही तेच, ८००० हा आकडा थेट टाकला तर टाइपएरर येतो, कोट्समध्ये द्या.

वाचताना ओएस डॉट एन्व्हायरनला चौकोनी कंस वापरला आणि व्हेरिएबल नसेल तर कीएरर, गेटएन्व्ह वापरलं तर गुपचूप नन मिळतं आणि ते दहा फाइल पुढे जाऊन फुटतं. पासवर्डसारख्या गोष्टींना मी मुद्दाम चौकोनी कंसच वापरतो, सुरुवातीलाच बोंबललेलं बरं. अजून एक खोच, गेटएन्व्हला डिफॉल्ट दिला तरी व्हेरिएबल सेट आहे पण रिकामं आहे अशा वेळी रिकामी स्ट्रिंगच मिळते, डिफॉल्ट नाही.

डॉट-एन्व्ह फाइल (व्हेरिएबल लिहून ठेवायची साधी टेक्स्ट फाइल) बदलून, रिस्टार्ट करूनही फरक पडत नसेल तर बघा की तेच नाव शेलमध्ये आधीच सेट आहे का. ही फाइल वाचणारी पायथन-डॉटएन्व्ह लायब्ररी आधीपासून असलेल्या व्हॅल्यूला हात लावत नाही, ओव्हरराइड ट्रू द्यावं लागतं. डॉट-एन्व्ह फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने कुठल्या फाइल घ्यायच्या नाहीत त्या यादीत) टाकायला विसरलात आणि पुश झाली, तर नुसती डिलीट करून उपयोग नाही, गिटच्या हिस्टरीत ती राहतेच, त्यातले पासवर्ड आणि कीज लगेच बदलून टाका.

विंडोजवाल्यांसाठी: सेट फक्त त्या विंडोपुरतं, सेटएक्स कायमचं, पण चालू विंडोला ते दिसत नाही, नवीन उघडावी लागते. आणि सेटएक्सने पाथ (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ते सांगणारं व्हेरिएबल) वाढवायला जाऊ नका हो, १०२४ कॅरेक्टरच्या पुढचं ते कापून टाकतं, वॉर्निंग देतं पण ती वाचतंय कोण.

हाताने चालवलं की चालतं आणि क्रॉनमधून (लिनक्सवर ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममधून) पडतं? क्रॉन तुमची बॅशआरसी (बॅश सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल) वाचत नाही, पाथ व्हेरिएबलही अगदी तुटपुंजं देतो, त्यामुळे कमांडचा पूर्ण पत्ता फोल्डरसकट लिहा.

एवढं करूनही जमत नसेल तर व्हॅल्यू पायथनच्या रेप्रमध्ये घालून प्रिंट करा, तो न दिसणारी अक्षरंही दाखवतो. विंडोजवर सेव्ह केलेली फाइल लिनक्सवर सोर्स केली की शेवटी एक न दिसणारा बॅकस्लॅश-आर चिकटून येतो, साध्या प्रिंटमध्ये पासवर्ड अगदी बरोबर दिसतो आणि लॉगिन काही होत नाही.